विरूपाक्ष गप झाला

...अन् म्हने, "उदास कोन न्हाई?" आता तुम्हाला सांगतो, थोरल्या दिराच्या ह्या एका बोलण्यानं मुरुडच्या जगदेवीचं टाळकं असं सनकलं! तिचा नवरा विरूपाक्ष, चहाचं हॉटेल चालवायचा, लई बोलका गडी. बहात्तरच्या दुष्काळात म्हस गेली तवा ढसाढसा रडला, पन दुसऱ्या दिशी बिनदुधाचा चहा विकत गिऱ्हाइकाला म्हनला, "दूध न्हाई, गप्पा फुकट!" उदास हुनं म्हंजे असं! पुढं पाऊसपानी झालं, लातूर जिल्हा झाला, गिऱ्हाईक वाढलं... अन् ह्यो गप! भट्टी पेटवंना, आंघोळ करंना, अंधारातच उठून भिंतीकडं बघत बसायचा. पोळी वाढली तर म्हनायचा, "चव लागंना." आठवड्यामागून आठवडे हेच!

थोरला दीर चन्नबसप्पा मिशीवर हात फिरवून म्हनला, "उदास कोन न्हाई? आमी दुष्काळी कामावर सुकडी खाऊन खडी फोडली, तवा सुचली का असली थेरं?" शेजारीन गुणाबाई म्हनली, "नजर गं बाई, नजर! मिरच्या ओवाळ!" ओवाळल्या. अख्खी गल्ली खोकली, ह्यो ढिम्म!

अन् एक दिवस भर दुपारी हळूच म्हनला, "जगे, मी नसलेलाच बरा."

झालं! जगदेवी उठली. भाकरी बांधली, त्याचा हात धरला. दीर आडवा आला, "लातूरला डाक्टरकडं नेतीस? लोक येडा म्हनतील! उदास कोन..."

"गप बसा भावजी! उदास मानूस रडतो, जेवतो, रुसतो, पुन्हा हसतो! ह्येला रडू बी येईना! ह्यो आजारी हाय! म्हनू द्या येडा, जीव तर ऱ्हाईल!"

यष्टीनं गेली. दवाखान्यात चिठ्ठीवाला म्हनतो, "मनाचे डाक्टर बेस्तरवारी येतात." ते ऐकून बाई कडाडली, "म्हंजे मनानं बेस्तरवारीच आजारी पडावं व्हय रे?" पन करती काय? लातुरातल्या मावशीकडं बेस्तरवारपत्तूर ऱ्हायली, नवऱ्याला नजरेआड हू दिलं न्हाई.

डॉक्टरनं सरळच विचारलं, "मरायचे विचार येतात का?" विरूपाक्षानं व्हय म्हनून मान हलवली... अन् इतक्या दिसांनी पहिल्यांदा रडला!

डॉक्टर म्हनले, "दुःख येतं आणि ओसरतं. हे मात्र पंधरा दिवसांच्या वर ठाण मांडून बसलंय, झोप, भूक, काम, सगळं गिळलंय. हा आजार आहे, बरा होतो. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, तोवर एकटं सोडू नका. अन् बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं गोळ्या बंद करू नका."

लागलेच आठवडे. मधी दोन पावलं पुढं, एक मागं. पन एका सकाळी भट्टी पेटली, अन् तोंड बी सुरू झालं.

आता हॉटेलात चन्नबसप्पा बसलेला, चार मानसांत छाती फुगवून सांगतोय, "मीच म्हनलं व्हतं, न्या त्याला लातूरला!"

आता सांगा, ह्येला काय म्हनावं? जगदेवीनं साखरेचा डबा उघडला... अन् तसाच मिटला. त्याच्यापुढं कप ठेवला. त्यानं घोट घेतला, तोंड वाकडं केलं, अन् बिनसाखरेचा चहा गपगुमान पिऊन टाकला.