मेंढरांचं औषध, सुमनचं डोकं

माझं माहेर खाली सपाटीला, नांदूरघाटाकडं, आन् सासर हे असं वर, धारूरच्या डोंगरात. सात घरांची वस्ती, आमी सगळे मेंढरंवाले, एकाच भावकीतले. लग्न होऊन आले तवा नवीकोरी चप्पल घाटातच तुटली, तर मामंजी म्हणले, राहू दे, वर चपलेला कुणी इचारत न्हाई. खरंच न्हाई इचारलं कुणी. रस्ता न्हाई, लाइटीचे खांब खालच्या गावात येऊन थांबलेले, आन् पाणी म्हणाल तर कपारीतला एक झरा, उन्हाळ्यात वाटीवाटीनं भरायचा. एक कळशी भरस्तवर दोन बायांचं भांडण होऊन मिटतं बी. म्हणून मी आले त्याच साली पाळ्या लावून दिल्या, पहिली कळशी कुणाची, दुसरी कुणाची. मला लिहायला येत न्हाई, पर डोक्यात सगळं लायनीत असतं. बाळंतपण असो, मेंढरांची कातरणी असो, काय काय लागतंय ते मला इचारायचं, मी बोटावर मोजून सांगायची, आन् माझ्या मोजण्यातलं कधी काही इसरलं न्हाई. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, कौतुकानं सांगायची, ही आली आन् घरातल्या वस्तूंना जागा मिळाली.

त्या सालांत खाली रोडला लई नवं नवं आलतं. पिवळ्या पाटीचं फोनचं दुकान, रंगीत टीव्ही, दुकानाच्या दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा. आमच्यापर्यंत वर त्यातल्या दोनच वस्तू चढल्या, एक प्लास्टिकची कळशी आन् दुसरं मेंढरांच्या गोचिडाचं औषध. आधी आमी गोचीड हातानं उपटायचो, बोटं रगतानं भरायची. हे औषध बादलीभर पाण्यात एक झाकण टाकायचं, फडक्यानं मेंढरू पुसायचं, की सकाळी गोचीड खाली पडलेले. काय सांगू तुमाला, मी त्या बाटलीला हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलतं.

आता सुमनचं सांगते. माझी धाकटी, तवा आठ वर्षांची. तिला धारूरला शाळेत घालायचं, तिथंच ऱ्हायची सोय व्हती. मी आन् मालक तिला दाखवायला गेलतो. शाळेतल्या बाईंनी तिची वेणी उचलून बघितली आन् म्हणल्या, सोमवारी आणून सोडा, पर उवा न्हाई पाहिजेत, न्हाई तर आमी केस काढून टाकतो. घरी आल्यावर आत्याबाईला सांगितलं तर ती कडाडली, पोरीचं डोकं भादरायचं? कावून, कुणी मेलंय का? सुमन वेणी दोन्ही हातांत धरून कोपऱ्यात बसली, म्हणली, आई, मला शाळा नको. आन् मला तर शाळा पाहिजेच व्हती, ताई. माझ्यासारखं सगळं बोटावर मोजत जनम काढू नये तिनं.

मंग लागले कामाला. फणीनं दोनदा इंचरलं. रॉकेल लावलं. सीताफळाच्या बिया वाटून लावल्या, आमच्या डोंगरात त्याला तोटा न्हाई. उवा मेल्या थोड्या, लिखा तशाच. शनिवार उजाडला. तवा माझ्या मनात आलं, गोचीड मरतो तर ऊ कावून मरणार न्हाई, आन् मेंढराला सोसतं तर माणसाला न सोसायला काय झालं. कळशी आमच्या पाळीची एकच यायची, डोक्याला पाणी कुठलं, म्हणून करडीच्या तेलात दोन झाकणं कालवली आन् बोटांनी मुळामुळाशी चोळली. एक जागा सोडली न्हाई. वरून फडकं घट्ट बांधलं. आपल्याच हातानं, ताई, लई निगुतीनं.

भाकरी थापत व्हते. चार भाकरी झाल्या तोवर सुमन म्हणली, आई, पोटात कळ येतीय. मंग ओकली. मंग तोंडातून लाळ, थांबेचना. हातपाय फडफडायला लागले आन् डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक. आत्याबाई म्हणली, वारं शिरलं डोक्यात, फडकं सोडू नको बाई, आणखी आवळ. मी आणखी आवळलं.

मालकांनी आन् दिरानं घोंगड्याची झोळी काठीला बांधली. मी तेवढ्या येळात पिशवी भरली, तुमाला आजबी सांगते त्यात काय काय व्हतं. दोन लुगडी, पोरीचा झगा, वाकळ, भाकरी, गूळ, आन् साबणाची नवी वडी, दवाखान्यात आपल्याला कुणी घाण म्हणू नये म्हणून. माझी जाऊ पारू, तिनं दिवसाची पहिली कळशी डोक्यावर घेतली, घाटात झोळी धरणाऱ्यांना लागंल म्हणून. काही इसरलं न्हाई मी. घाट उतरताना दोघांना तीनदा पाणी पाजलं. अर्धी कळशी तरी उरली व्हती.

रोडला जीप आली ती भरलेली. डायवर म्हणला, टपावर बी जागा न्हाई. तवा मागं लटकलेला एक म्हातारा खाली उतरला आन् बाकीच्यांवर वरडला, उतरा की बे, पोरगी चाललीय डोळ्यांदेखत. चौघं उतरले. म्हाताऱ्याचं नावगाव काही मला ठाव न्हाई.

धारूरच्या दवाखान्यात डाक्टर तरणा पोरगा व्हता. त्यानं फडकं सोडलं, वास घेतला आन् मागं सरकला. काय लावलं? मी सगळं नीट सांगितलं, कशाचं औषध, किती झाकणं, तेल कोणतं. तो म्हणला, बाई, हे जहर हाय, कातडीतून आत जातं, तेलानं तर आणखी जातं. आन् वरून बांधून ठेवलं? धुतलं का न्हाई? पाण्यानं, साबणानं, लगेच तिथंच धुतलं असतं तर एवढ्यावर आलं नसतं.

मी उभी. पारू उभी, कडेवर कळशी. नर्सबाई म्हणली, कुणाकडं साबण हाय का, लवकर. मी पिशवीत हात घातला आन् वडी काढली. वरचा कागद बी फाडलेला नव्हता. नर्सबाईनं वडी बघितली, कळशी बघितली, मंग माझं तोंड बघितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आख्ख्या घाटानं माझं लेकरू जहर पीत आलं, आन् त्याचा उतारा मीच संगं घेऊन चालले व्हते.

केस कात्रीनं काढले, मंग वस्तरा फिरवला. सुयांवर सुया टोचल्या. डाक्टर म्हणला, आजची आन् उद्याची रात काढली तर सांगतो. मी काही मोजलं न्हाई तवा, बोटंच हलंनात. तिसऱ्या दिवशी तिनं पाणी मागितलं. डोक्याला हात लावला आन् म्हणली, आई, शाळेत घेतील ना आता?

घेतलं. पर त्याआधीचं एक सांगायचं ऱ्हायलं, तेच मला अजून उमजत न्हाई. आठ दिवसांनी वस्तीवर आलो. सगळ्या बाया जमल्या, ओवाळलं, कडाकडा बोटं मोडली. समदं डोळ्यांनी बघितलेली पारू, घाटभर माझ्या बरुबर रडत चाललेली पारू, ती सुमनच्या डोक्यावर हात फिरवत व्हती. मंग मला बाजूला घेतलं आन् हळूच म्हणली, अक्का, किती टाकलतं गं? माझ्या सखूला अर्धंच झाकण लावलं तर?

माझ्या पायाखालचा डोंगर सरकला, ताई. आन् राग तरी कुठल्या तोंडानं करू, पंधरा दिवस आधी मी बी हेच इचारलं असतं. त्या दिवशीची माझी कळशी मी सखूच्या डोक्यावर रिकामी केली, साबणानं तीनदा धुतलं, फणी घेऊन दिवस मावळस्तवर बसले. घरात चूल पेटली न्हाई. मालकांनी कोरडी भाकरी खाल्ली.

आता औषधाची बाटली माझ्या पेटीत कुलपात असती. ज्याच्या मेंढरांना पाहिजे त्याच्या वाड्यावर मी सोता जाते, बादलीत टाकून परत आणते. लोकं हसतात, बाटलीवाली म्हणतात, हसू द्या. सुमन चौथीत हाय, केस खांद्यापतोर आलेत. झरा मातर तेवढाच हाय, पाळ्या त्याच हायेत, दुसरा कुठून आणू. तुमी खालची माणसं, तुमच्या लेकरांना प्यायला बी मिळो आन् डोक्यावर ओतायला बी मिळो, आणखी काय म्हणू.