सरांचा स्थिर तारा

दातांच्या दवाखान्यात शिंपीणबाई सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. शेजारी एका प्राध्यापकांना त्यांच्या विद्यार्थिनीने गाठलं होतं. दाढ ठणकत होती, तरी बाईंचे कान तिकडेच.

“एका तारकागुच्छातले तेरा तारे चमक बदलतात? शोध लावतेस की भाजी निवडतेस?”

“सगळे एकदम मंद होतात, सर. आणि एकदमच उजळतात.”

“ढग आला असेल. ढग माहीत आहे ना?”

“ढगाची अडचण नको म्हणून तर प्रत्येक तारा आपण तुमच्या स्थिर ताऱ्याशी ताडून मोजतो.”

“अख्खं जग मोजतं!”

“तो वगळून बाकीचे एकमेकांशी ताडले. सगळे ठणठणीत स्थिर. बदलतो तो एकटा तुमचा.”

“अगं, तू पाटीवर अक्षरं गिरवत होतीस तेव्हा मी त्या ताऱ्यावर डॉक्टरेट मिळवली!”

“म्हणून आधी तुम्हाला सांगतेय. शोधनिबंध उद्या छापायला पाठवते.”

“मी इथे दाढ काढायला आलोय, आणि तू नाक कापतेस?”

आतून बाईंना हाक आली.

“दुसऱ्या कुणाला घ्या हो आधी,” बाई म्हणाल्या.

“बरं, पाठव. पण निबंधावर माझं नाव सगळ्यात वर हवं.”

“वरच आहे, सर. शीर्षकातच घातलंय.”