बाहेरची टाच

आई: ती सँडल आधी काउंटरवरून उचल. गिऱ्हाईक येईल कुणीतरी.

मुलगा: मीच गिऱ्हाईक आहे.

आई: तू माझा मुलगा आहेस, तेवढं पुरे झालंय मला. उचल म्हणते ना! आणि मागच्या दारानं गुपचूप घरी जा.

मुलगा: टाच मोडलीय. लावून दे, जातो.

आई: अब्रू गेली ती गेली, आता वर दुरुस्ती? अरे मेल्या, भर चौकात आडवा पडलास. भाजीवाली धावत आली सांगायला. "तुमचा मुलगा उंच टाचा घालून पडला हो!" इतकी हसत होती, की निम्मं तिला बोलताच येईना.

मुलगा: लागलं का, ते विचारलं तिनं?

आई: लागलं का?

मुलगा: गुडघा सोलवटलाय.

आई: बरं झालं. अक्कल तिथूनच आत शिरेल. आमच्या सात पिढ्यांत बाप्यानं असलं काही पायात घातलं नाही. दहा नंबरची, टाचेची सँडल! बनवणाऱ्याचे हात कसे झडले नाहीत!

मुलगा: आई, ऐक. आज मी अनवाणी मागच्या गल्लीतून घरी गेलो ना, तर पुन्हा ती घालायची हिंमत मला व्हायची नाही. मी ओळखतो स्वतःला. म्हणून आत्ता हवीय. इथूनच घालून जायचंय.

आई: मग तर मुळीच लावत नाही. एवढ्याशा मोडक्या टाचेनं माझं काम होत असेल, तर मी तिची पूजा करीन.

मुलगा: "दुकानात आलेली चप्पल परत पाठवायची नाही." हे कोण म्हणतं रोज?

आई: रोज म्हणते. आज नाही म्हणत. वकिली नको करूस. इकडे दे ती. नुसती बघतेय, लावत नाहीये. ... हं. ही आधी एकदा निघालेली आहे. पुन्हा कुणी बसवली?

मुलगा: बसवली कुणीतरी.

आई: त्या कुणीतरीला आईबाप असतील ना?

समोरचा: येऊ का वहिनी?

आई: या. तुमचीच कमी होती. समोर चपलांचं दुकान मांडल्यापासून कधी ही पायरी चढला नाहीत. आज वाट चुकलात का?

समोरचा: चिरंजीवांची वस्तू द्यायला आलो. ही टाच. घरंगळत गटारापर्यंत गेली होती. म्हटलं, आपल्याच हातची आहे, टाकून कशी द्यायची?

आई: आपल्याच हातची म्हणजे?

समोरचा: म्हणजे? यानं सांगितलं नाही तुम्हाला? गेल्या आठवड्यात माझ्याकडेच आणली होती की. मला तरी काय ठाऊक, नवरदेव स्वतःच घालणार आहेत! ऑफिसातल्या कुणा उंच बाईंची आहे म्हणाला.

आई: याच्याकडे गेलास?

मुलगा: हो.

आई: माझ्या हयातीत? मी इथे डोळे उघडे ठेवून बसलेली असताना? तोंडाला काळं फासलंस ते वेगळं, पण चप्पल घेऊन याच्याकडे?

मुलगा: तुझ्याकडे आणली असती तर रापीनं उभी चिरली असतीस.

आई: चिरली असती, पण सरळ रेषेत चिरली असती! हे बघ, हे काय काम आहे? नुसतं सोल्युशन चोपडलंय. जुनं भोक तसंच. आत एक खिळा, तोही डोकं वर काढून बघतोय, कोण कोण हसतंय म्हणून.

समोरचा: वहिनी, बाईची म्हटल्यावर बाईच्या वजनाचं काम केलं. एखाद्या नाजूक बाईनं वर्षभर घातली असती. हा रेडा त्यावर चढला, तर टाच बिचारी काय करील?

आई: रेडा कुणाला म्हणता?

समोरचा: नाही, म्हणजे वजन हो...

आई: वजनाचं बोलू नका. तुमची सून गेल्या महिन्यात तिची चप्पल माझ्याकडे घेऊन आली होती. तीही मागच्या दारानं. सासऱ्यानं शिवलेली तीन दिवसही टिकली नाही म्हणाली.

समोरचा: ते... तिला चालायची शिस्तच नाही.

आई: नाचता येईना, अंगण वाकडं! द्या ती टाच इकडे. आणि निघा.

समोरचा: निघतो. पण एक सांगून ठेवतो, बाहेर पाच-सहा जण उभे आहेत. चहावाला आहे, माझे दोघे कारागीर आहेत. युवराज पुन्हा कधी निघतात, म्हणून थांबलेत. मागून पाठवलंत तर बिचाऱ्यांची निराशा होईल.

आई: पायरी जपून उतरा. स्वतःच शिवलेली घातलीय ना?

मुलगा: गेला.

आई: तू गप्प बस. ऐकलंस ना? खोटं बोललास म्हणून पडलास. माझ्यासाठी आहे म्हणाला असतास, तर त्या गाढवानंही निदान मोठा स्क्रू घातला असता. चपलेचं काम आणि डॉक्टरचं औषध, खोटं बोललं की अंगाशी येतं.

मुलगा: खोटं बोलायला शिकलो कुठे? इथंच.

आई: जीभ आवर.

मुलगा: त्या पडद्यामागे काय चालतं, ते काय मला माहीत नाही? कापडवाला, शाळेतले मोठे सर, लग्न ठरलेली पोरं. सगळे मागच्या दारानं येतात. बुटाच्या आत बोटभर उंची घालून घेतात, वर्तमानपत्रात गुंडाळून नेतात. अर्धं गाव टाचांवर चालतंय आई, तुझ्या हातच्या.

आई: ती आतली टाच असते. कुणाला दिसत नाही.

मुलगा: एवढाच फरक ना?

आई: एवढाच फरक म्हणजेच अब्रू. तुझे वडील जन्मभर बाजारात ताठ चालले. कुणाची टाप होती हसायची?

मुलगा: कारण पहिली टाच तू त्यांच्यासाठी बनवलीस.

आई: कोण म्हणालं?

मुलगा: लहानपणी त्यांचे बूट घालून बघायचो ना मी. एकदम उंच व्हायचो. मला वाटायचं, मोठ्या माणसांचे बूट असेच असतात.

आई: मी उंच. ते माझ्या खांद्याला लागायचे. लग्नात कुणीतरी म्हणालं, "नवरीनं नवऱ्याला कडेवर घ्यावं." त्यानंतर मी त्यांना एकदाही टाचेशिवाय बाहेर जाऊ दिलं नाही. प्रेमानं केलं ते.

मुलगा: माहीत आहे. पण दवाखान्यात मी होतो त्यांच्यापाशी. डॉक्टर रोज सांगायचे, उठा, चार पावलं चाला, नाहीतर पाय कायमचे जातील. ते म्हणायचे, "बूट आणा." बूट घालायला परवानगी नव्हती. समोरच्या खाटेभोवती माणसं असायची. त्यांच्यापुढे अनवाणी उभे राहायला नको, म्हणून ते शेवटपर्यंत उठलेच नाहीत.

आई: हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

मुलगा: त्यांनीच सांगू नको म्हटलं होतं. "तिनं एवढ्या मायेनं लपवलंय," म्हणाले.

(आई हातातली सँडल उलटी करून बघते.)

मुलगा: राहू दे. जातो मी. दे ती सँडल.

आई: खाली ठेव हात. वजन किती तुझं?

मुलगा: काय?

आई: वजन. आणि खरं सांग.

मुलगा: ब्याऐंशी.

आई: मधे लोखंडी पट्टी घालावी लागेल. आणि सरक तिकडे, उजेड अडवू नकोस.

(ठोकण्याचा आवाज.)

आई: घाल. उभा राहा. आता चाल... बाहेरच्या कडेवर भार टाकतोस. तेही असेच टाकायचे.

मुलगा: हलत नाही जरासुद्धा.

आई: हलेल कशी? मला हे पटलेलं नाही, सांगून ठेवते. दात काढू नकोस. घरी गेल्यावर बोलायचंच आहे मला अजून. ... तिकडे कुठे चाललास?

मुलगा: मागच्या दारानं जा, असं तूच म्हणालीस ना.

आई: त्याला मी कडी घातलीय.

मुलगा: बाहेर ते सगळे उभे आहेत अजून.

आई: असू देत. खाली बघत चालू नकोस. टाच मी बसवलीय.