जादाची बांगडी

हॅलो? … हॅलो! कोण? … झुंबर व्हय! अगं मोठ्यानं बोल, हितं मांडववाल्याची ठोकाठोक चाललीय. … ठमाबाईच बोलतीय गं, तुझी थोरली भण! सणसरला बसून माझा आवाजबी इसरलीस काय?

… व्हय, व्हय… उद्याच हळद. … न्हाय, तसलं काय न्हाय. निकिताचं लग्न ठरल्यालं हाय तसंच हाय. तुला कुणी सांगितलं, आमच्या दारात पोलिस आलं म्हणून? … काय बाई माणसं तरी! पोलिस न्हाय गं, निवडणुकीचं भरारी पथक. आन तेबी आमच्याकडं न्हाय, फरिदाकडं गेलं. … अगं फरिदा! मणेरीण. इंदापूरच्या स्टँडम्होरं युनूसचं बांगड्यांचं दुकान न्हाय का, त्याची बायकू. माहेर बारामतीचं. … हां, तीच. नगरपालिकंला उभी राहिलीय. आमच्याच वार्डातनं, आमच्याच सूनबाईच्या इरोधात!

… हस, हस. मला काल रडू आलं हुतं, आज मीबी हसतीय.

… अगं ऐक ना, पयल्यापासनं सांगते. वार्ड बायांसाठी राखीव निघाला. झालं! आमच्या रविराजानं बायकूचा अर्ज भरून टाकला. लेकीचं लग्न तोंडावर, आन आई जीपमधी हात जोडून उभी! … भाषण? करती की. वेशीला स्वागत कमान, आन बागंत गाण्यावर नाचणारं कारंजं. … आता तूच सांग, नळाला दिसाआड पाणी, कारंजं नाचणार कशावर? … तिचं काय न्हाय गं, समदं रविराजाच्या डोक्यातलं. ती बिचारी वाचून दाखवती.

… फरिदा व्हय? तिचं भाषण न्हाय न काय न्हाय. बांगड्या भरत घरोघर हिंडती, तशीच हिंडतीय. हात धरून बसलं की बाई मनातलं बोलतीच ना. कुठं गटार तुंबलं, कुठल्या बोळात दिवा न्हाय, समदं तिच्या कानावर. ती म्हणती, कमान ऱ्हाऊ द्या, आधी बाजारात बायांसाठी मुतारी बांधा. … अगं लाज कसली त्यात! आपण शेळगावची वांगी घेऊन बाजाराला बसायचो, तवाचं आठव की. दिस मावळंपातूर पाण्याचा घोट घ्यायचो न्हाय. … व्हय का न्हाय? मग! त्यावर तोंड उघडणारी हीच पयली.

… माझं मत कुणाला? सांगतीय व्हय मी! ते त्या मशिनीलाच ठावं.

… हां, फुडं ऐक. परवा निकिताचा चुडा भरला. भरायला फरिदाच आली. … आता दुसरी कोण येणार? रविराज पोटात हुता तवा मला फरिदाच्या सासूनं भरल्या, सूनबाईला लग्नातबी त्याच म्हातारीनं भरल्या. निवडणूक लागली म्हणून मणेरीण बदलायची व्हय? सूनबाईनं स्वता पाट मांडला. हसल्या-खिदळल्या दोघी. … बरं, चुडा भरून झाला की मणेरीण वर एक जादाची घालती न्हाय का? आशीर्वादाची? तिचं पैसं घेत न्हाईत. … हां, तुलाबी घातली हुती की. तर त्यो शंभूराज हाय ना, रविराजाच्या प्रचारातला, सदानकदा मोबाईल काढून उभा? त्यानं केलं शूटिंग. आन तक्रार ठोकली, फरिदा मतदार बायांना फुकट बांगड्या वाटती, आचारसंहिता मोडली!

… व्हय गं! आशीर्वादाची लाच झाली! आन खाली सही कुणाची? रविराजाची. माझ्या लेकाची!

… मला काल सकाळी कळलं, भाकरी थापताना. फरिदाला निवडणुकीच्या सायबानं नगरपालिकंत बोलावणं धाडलेलं. उमेदवारी ऱ्हाती का जाती, अशी गत. तवा उतरवला, वाटंत दारादारांतनं बाया गोळा केल्या, आन गेलो समद्या नगरपालिकंत. … तुझं दाजी म्हणत हुतं की, अगं आपल्याच सुनंच्या इरोधात? म्हणलं, तुमी च्या प्या.

… सायेब बरा हुता गं, तरणाच. म्हणला, आजी, बांगडी फुकट दिली का न्हाय, तेवढंच सांगा. मी म्हणलं, दिली. … मग खोटं कशाला बोलू? फरिदाचं तोंड एवढंसं झालं. मग मी म्हणलं, सायेब, आता ते शूटिंग शेवटपातूर लावा. … लावलं! आन फुडं कोण दिसतंय? आमची सूनबाई! सुपात शिधा, वर खण-नारळ, फरिदाच्या पदरात घालून वाकून पाया पडतीय! … देतोच की आपण भरणारीला. मी म्हणलं, सायेब, फरिदा आमच्याच वार्डातली मतदार. उमेदवारानं मतदाराला खण-नारळ दिला, घ्या लिहून. दोघींवरबी केस करा, आन बिनबायांची निवडणूक घ्या!

… अगं दम खा, ठसका लागंल! … सायेब खुर्चीतनं पडायचा बाकी राहिला. रविराजानं तितंच तक्रार मागं घेतली.

… थांब, गंमत संपली न्हाय. आज निकितानं कपाटाचं दार लावताना हात आपटला. दोन-चार बांगड्या वाढल्या. … वाढल्याच म्हण! दुसरा शब्द काढू नगस, उद्या हळद हाय! पोरगी रडाय लागली. आन फरिदाला आता बोलवायचं कुठल्या तोंडानं? … तेच ना. रविराज म्हणला, कन्हेरीहून दुसरी मणेरीण आणतो, गाडी घालून. निकिता म्हणली, पप्पा, फरिदामावशी आली न्हाय तर मी अशीच बसंन हळदीला. … शाबास तर! नात कुणाची! तवा सूनबाईच उठली, म्हणली, मी जाते. लई येळ झाला, अजून पत्ता न्हाय. म्हणून तर धावत फोन घेतला, वाटलं तिचाच.

… फरिदाला राग न्हाय गं, दुख्ख. नगरपालिकंतनं निघताना म्हणली, आत्या, माझ्या सासूच्या रीतीला लाच म्हणलं हो. डोळं भरल्यालं पोरीचं. … व्हय, लागतंच ते.

… थांब, थांब! कोण आलं? … आली! झुंबर, आली गं बया! दोघी एकाच स्कुटीवर! फुडं फरिदा, मागं सूनबाई मांडीवर बांगड्यांची पेटी घिऊन! आन दोघींच्या छातीवर आपापल्या निशाणीचं बिल्लं! … अगं मांडववाला हातोडा थांबवून बघतोय, म्हणून तर एवढं ऐकू येतंय तुला.

… बसली. निकिताचा हात धरला… भरतीय… भरल्या समद्या. … काय? काय म्हणलीस फरिदा? … झुंबर, ती म्हणती, जादाची आज न्हाय घालत आत्या, आचारसंहिता हाय. मतदान झालं की घालून जाईन. … हसतच म्हणली गं, पर लागलं ते समद्यांना. निकिताचा हात तसाच फुडं हाय.

… अगं गप, गप जरा! रविराज उठला. … टोपी काढली. फरिदाम्होरं खाली बसला. … म्हणतोय, ताई, चुकलं माझं. माझ्या लेकीला आशीर्वादाबिगर सासरी धाडू नगं.

… न्हाय गं, रडत न्हाय. … व्हय, रडतीय! घातली! फरिदानं जादाची घातली! आन बघ कशी म्हणती, शंभूराज, काढ मोबाईल, आता घे की शूटिंग! … अगं समदी हसाय लागली, रविराजबी!

… काय? मत? अजून तितंच अडकलीस व्हय? … आता बघ, सूनबाईनंबी हात फुडं केला. … आले गं, आले! फरिदा मला हाक मारतीय. … उद्या ये की तुझ्या मालकांना घिऊन, ऊस काय पळून जातोय? … न्हाय, न्हाय, आता ठिवते. … अगं फोन धरून कसं जमंल, तिच्या हातात दोन्ही हात द्यायचं हायत!