चांदी नको, सोन्याचे मणी द्या

नाई जी गुणवंतभाऊ, चांदी चांदी करू नका. सोनंच द्या. चांदी वजनानं भरपूर येते, हातात घेतली का माणसाले भरोसा वाटते, हे का मले समजत नाई? अंजनाबाईचे तोडे म्हून गावात ओळख हाय माही! पण चांदी लपते कुठी, सांगा? वाजते, काळी पडते, गाठोड्यात जड लागते — अन आपल्याकडची चांदी दुसऱ्या मुलखात नेली का तिथला सोनार म्हणते, बाई, यात कथील हाय, अर्धाच भाव. सोन्याले तसं नाई. सोनं कुठीबी सोनंच.

दुसरा मुलूख काऊन? काई नाई जी, आपली बोलाची गोष्ट. म्हातारपणाची सोय करून राह्यलो, बस. चंद्रपूरले आलो होतो, म्हटलं गुणवंतभाऊकडं जाऊ.

हे हातातले गोट घ्या. एका पायातला तोडा तं कापलाच तुम्ही. रडत नाई जी — कानस लागली थोडीशी. मेल्यावर कापतेतच न लोक, मंग आज कापला तं काय बिघडलं? आता असं करा, याचा सोन्याचा नुसता तुकडा द्या. दागिना नको, दागिन्याले घडाई लावता तुम्ही, अन मोडाले आणलं तं आणखी घट धरता. काय? देता येत नाई? सरकारचा सोनं-नियंत्रणाचा कायदा हाय — नुसती लगड घरात ठेवता येत नाई? वा रे सरकार! बाईच्या अंगावरचं कोनी ओरबाडलं तं कायदा दिसत नाई, अन तिनं तुकडा ठेवला तं कायदा!

मंग — मंग मणी द्या. मणी तं दागिना हाय न? हो, हेच, बारके, जवाएवढे. हे बरं. पोत मोडली का समदीच जाते हातची. मणी कसे, एक इकला, पोट भरलं, बाकीचे परकराच्या नेफ्यात. नाडीपाशी शिवून टाकले का तिथी त्याचा हात —

कोनाचा म्हंजे? कोनाचाच नाई... जावयाचा, जी. हरिदासचा. घ्या, बोललो. तुमच्यापासून काय लपवू, कांताच्या लग्नाचे डाग तुम्हीच तं घडवले. कोरपन्याकडं कारखान्यात हाय, पगार येते — अन जुगारात जाते. डोरलं गेलं, पाटल्या गेल्या. पेटी फोडते, गादी उसवते, तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालते. काल पळून आली पोरगी. माह्याकडं ठेवू कशी? पह्यले तिथीच येते तो. म्हून आज शिरोंच्याच्या यष्टीत बसवून देतो तिले. तिथी माही बहीण रुखमा हाय, नदीच्या पल्याड मिरची तोडाले जाते दरसाल. त्या तेलगू मुलखात कांताले कोन ओळखते? पण रिकाम्या हातानं कशी धाडू, सांगा न! यष्टी लागली असंन, बांधा लवकर —

थांबा.

मान फिरवू नका. पानठेल्यापाशी, पांढरा शर्ट. तोच हाय. इकडंच येऊन राह्यला.

भाऊ, हात जोडतो. आतून वहिनीले, सुगंधाबाईले बोलवा. हे मणी घेऊन मागच्या दारानं स्टँडवर धाडा त्यायले. कांता कशी ओळखावी? नाकावर पदर धरून बसली असंन — नथ काढाले येळ लागे, म्हून त्यानं ओढूनच घेतली. डावी नाकपुडी फाटली हाय. बाईनं काई इचारू नाई, नुसते हातात द्यावे अन म्हणावं, माय येत नाई. तू जाय. वाट नको पाहू म्हणावं, जाय.

या जावईबापू! या, बसा. कांता? घरीच हाय न, झोपली हाय. मी एकटीच आलो. काय पाहून राह्यले, हा पायातला तोडा? तुमच्यासाठीच तं कापून राह्यलो जी, तुमची अडचण का मले दिसत नाई? निंगाला का तुमच्याच हाती देतो. बसा न, चहा घ्या. मासात रुतला हाय, येळ लागते.

धरा गुणवंतभाऊ, हा दुसरा पाय. कापा. सावकाश — लय सावकाश कापा जी, पाय सुजला हाय माहा.