भिंतीला फुटलेलं मीठ

ईश्वरी : राहीआजी, रागावू नका हं. नूरी आणि प्राचीनं पैज लावलीये, म्हणून विचारते. हे देऊळ तुमच्या सासूबाईंनी बांधलंय, असं तुम्ही सगळ्यांना सांगता. ते खरंय?

राहीबाई : त्या दोगी खांबामागं हसतान, त्याच ना? खरा हाय. एकलीनं नाय. मिठागरावरच्या बायांनी.

ईश्वरी : अहो, पण मी तर लिहिलंय की चारशे वर्षांपूर्वी एका सरदारानं बांधलं! उद्या घटस्थापनेला त्या पाटीचं उद्घाटन आहे. संगमरवरी पाटी. खाली माझं नाव!

राहीबाई : तुला सरदार कोनी सांगला?

ईश्वरी : कोणी नाही... एवढ्या जाड भिंती, एवढं ठेंगणं दार. शत्रू आला तर वाकूनच आत शिरेल, असं वाटलं मला. मग सरदार आपोआप सुचला. शिवाय दगडांवर हा पांढरा थर. जुन्या चुन्याचा लेप.

राहीबाई : चुना? बोट लाव. आता चाट.

ईश्वरी : ई! ...खारट आहे.

राहीबाई : मिठागराचा बांद फुटला, त्याचेच हे धोंडे. दिसभर मीठ ओढायचा, न् सांजचे घरा येताना एकेकीनं डोईवर एकेक धोंडा आनायचा. दोन वरसां. धोंडे खारा पानी पिलेत, अजून भाईर टाकतान.

ईश्वरी : आणि दार?

राहीबाई : दारावरचा मोटा धोंडा बायांनी जवरा उचलला, तवराच उंच.

ईश्वरी : किती जणी होत्या?

राहीबाई : सतरा. माजी सासू सुंदराबाई धरून नऊ नावां मना पाठ. बाकीची गेली. तुमच्या पाटीवर एक तरी हाय का गो?

(संध्याकाळी, ईश्वरीच्या घरी. पाटी हॉलमध्ये भिंतीला टेकवलेली.)

बाबा : हळू बोल, खिडक्या उघड्या आहेत. पत्रिका वाटून झाल्यात, पाहुणे येणारेत.

ईश्वरी : पण पाटी खोटी आहे, बाबा.

आई : ईशू, समितीपुढे भाषण तूच ठोकलंस ना? सरदाराचा घोडासुद्धा पांढराशुभ्र होता तुझा.

ईश्वरी : तेच तर! टाळ्या पडल्या आणि मी फुगले.

बाबा : राहीबाईंकडे काही कागद आहे? पुरावा?

ईश्वरी : माझ्याकडे कुठे होता? मला विचारलात तुम्ही?

बाबा : ईश्वरी! आपण फ्लॅटवाले, बाहेरचे. गावानं जीर्णोद्धार समितीत मला घेतलं, सेक्रेटरी केलं. उद्या तेच म्हणतील, याच्या पोरीनं आपल्याला उल्लू बनवलं.

ईश्वरी : बनवलंच की. त्यांच्याच आज्यांना त्यांच्याच देवळातून बाहेर काढलं मी.

आई : प्रसाद, तिला बोलू दे. काय करायचं ठरवलंयस तू?

ईश्वरी : पाटीवरचा पडदा मी ओढणार नाही. हे सगळं मी मनानं लिहिलं होतं, असं माइकवर सांगणार.

बाबा : अख्खं गाव हसेल तुला.

ईश्वरी : हसू दे. मग मी माइक राहीआजींच्या हातात देणार, आणि खाली बसून ऐकणार.