चांद्याचं देवक

बिरोबाच्या नावानं चांगभलं!

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. सोपा आहे, भिऊ नका! ज्याच्यावर आपला जीव जडलाय, ते जपायचं कसं? घट्ट धरून — का सोडून देऊन?

घट्ट धरून म्हणता? हे पुढे बसलेले पाटील बघा, लगेच उपरण्याची गाठ चाचपली! राहू द्या पाटील, नेत नाही कुणी. उत्तर मी देणारच नाही. ते देईल तरसवाडीचा धुळाबा. मेंढपाळ माणूस. ऐका!

धुळाबाचा मेंढरांचा कळप होता, बायको ठकू होती, लग्नाला आलेली लेक जिजा होती — आणि एक मेंढा होता. चांद्या! अंगानं काळाभोर, कपाळावर पांढरा चांद. जन्मला तेव्हाच त्याची आई गेली. ठकूनं त्याला मांडीवर घेऊन शेळीच्या दुधावर वाढवला. चांद्या वयात आला, तशी धुळाबाची मिशी वर गेली. लेकीला हाक मारायचा "ए पोरी" आणि मेंढ्याला? "चांदराव, या!" हसता काय? तुम्ही दारातली मोटारसायकल रोज पुसता, आईचे पाय शेवटचे कधी चेपले?

आता त्या भागात मेंढपाळांचा संघ होता. संघ म्हणजे नुसती पावती फाडायची नव्हे हो! पावसाळ्याआधी सगळ्यांच्या कळपांना एकदम लस, लोकर सगळ्यांची मिळून विकायची, एकजण अंथरुणाला खिळला तर त्याची मेंढरं दुसऱ्यानं चारायची. आणि एक नियम सगळ्यांत कडक — दोन पावसाळे झाले की मेंढ्यानं कळप बदलायचा! तुझा माझ्याकडं, माझा तिसऱ्याकडं. संघाचे म्होरके म्हाकूतात्या स्वतः धुळाबाकडं आले.

"धुळाबा, संघात ये. चांद्याला फिरतीवर दे. त्याच्या बदल्यात दुसरा घे."

"माझा चांद्या? लोकाच्या कळपात? तात्या, पोटचं पोर कुणी फिरतीवर देतं व्हय?"

"आरं, त्याला कारण हाय —"

"मला न्हाई ऐकायचं! तुमचा डोळा हाय माझ्या मेंढ्यावर!"

तात्या बिचारे उठले आणि गेले. अन् मंडळी, इथूनच घसरण सुरू झाली.

पहिल्या वर्षी कोकरं झकास झाली. दुसऱ्या वर्षीही ठीक. पुढं मात्र काय झालं कुणास ठाऊक, कोकरू जन्माला यायचं ते मुठीएवढं. कुणाचे पाय वाकडे, कुणाला आईच्या सडापर्यंत तोंडच नेता येईना. ठकू एकेकाला उचलून पाजायची. सकाळी बघावं, तर मान टाकलेली! धुळाबा माळावर खड्डे खणून खणून थकला. दृष्ट लागली म्हणून त्यानं वाघरीला, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीला, लिंबू-मिरची बांधली. देवऋष्याकडं गेला. बिरोबाला नवस बोलला. गुण येईना!

"संघवाल्यांचीच नजर," धुळाबा म्हणायचा. "जळत्यात माझ्यावर."

बघा, माणसाची रीत कशी! पायाखाली दगड आपणच ठेवायचा, ठेच लागली की शेजाऱ्याच्या नावानं ओरडायचं. टाळकरी, तुम्ही माना हलवू नका, तुमचीही गोष्ट चालली आहे!

कळप आटत चालला. जुन्या मेंढ्या म्हाताऱ्या झाल्या, नवीन उभी राहीना. आणखी एखादं वर्ष असंच गेलं, की धुळाबाच्या हातात काठी राहणार आणि पुढं हाकायला काही नाही. बापजाद्यांची मेंढरं!

त्यात जिजाला स्थळ आलं. मुलगा देखणा, घर तालेवार. पाहुणे घोंगडीवर बसले, गूळ-पाणी झालं, सगळ्यांना पसंत! ठकूच्या डोळ्यांत पाणीसुद्धा येऊन गेलं. सुपारी फुटायची तेवढी राहिली. आणि धुळाबानं विचारलं —

"पाव्हणं, तुमचं देवक कंचं?"

"कळंब."

धुळाबा ताडकन उठला!

"कळंब? आमचंबी कळंबच! न्हाई जमायचं. एक देवक म्हंजी एक रक्त. भाऊ-भैन झाली ती!"

पाहुणे म्हणाले, "लई लांबचं हो, काय बिघडतंय?" धुळाबा हटेना. लाखाचं स्थळ, पण मोडलं! पाहुणे हात जोडून निघून गेले. बरोबर केलं का त्यानं? केलं ना? तुम्हीही तेच केलं असतं!

ठकू मात्र वाघरीकडं बघत उभी. तिथं चांद्या होता आणि त्याच्या भोवती मेंढ्या. तरण्या मेंढ्यांतल्या निम्म्यांच्या कपाळावर पांढरा चांद!

"धनी," ती हळूच म्हणाली, "लेकीचं देवक तुम्ही बघितलंसा. ह्यास्नीचं कुणी बघितलं?"

"म्हंजी?"

"ह्या समद्या चांद्याच्याच लेकी की वो! आन् नवरा कोण त्यांचा? चांद्याच!"

मृदंगवाले, जरा थांबा. हे शांततेत ऐकू द्या.

धुळाबा एकेक चांद बघत गेला. माळावरचे ते सगळे खड्डे त्याच्या डोळ्यांपुढं आले. नजर नव्हती, करणी नव्हती! तात्या जे कारण सांगत होते ते हेच होतं, आणि आपण ऐकून घेतलं नाही. आपणच कोकरांचा जीव घेतला!

पण मंडळी, रडत बसला नाही तो. दुसऱ्या दिवशी उजाडताच चांद्याला हळद लावली, गळ्यात घुंगरू बांधलं आणि निघाला. ठकू वाटेपर्यंत आली. चांद्या थांबून थांबून तिच्याकडं वळायचा, बें करायचा. ठकूनं तोंडात पदर कोंबला. धुळाबाच्या गालावरून पाणी वाहत होतं, पण पाऊल मागं पडलं नाही!

"तात्या, चुकलो. ह्यो घ्या चांद्या. मला संघात घ्या."

तात्यांच्या जागी दुसरा असता तर म्हणाला असता, 'आता आला का?' तात्यांनी फक्त पाठीवर हात ठेवला. बदल्यात मिळाला एक मळकट, एका शिंगाचा मेंढा! ठकू बघून म्हणते, "ह्यो जावई?" धुळाबा म्हणाला, "रूप नगं बघूस. देवक येगळं हाय!"

वर्ष सरलं. पहिलं कोकरू जन्मलं. दोघं श्वास रोखून बघत होती. कोकरू धडपडलं, पडलं, परत उठलं — आणि चार पायांवर उभं राहून आईला लुचू लागलं! धुळाबानं तिथंच भंडारा उधळला.

काही वर्षांनी चांद्यानं म्हातारपणानं दुसऱ्याच्या कळपात डोळे मिटले. निरोप आला, धुळाबा दिवसभर जेवला नाही. मग बिरोबाची जत्रा आली. माळावर सगळ्या संघाचे कळप उतरले. धुळाबा बघतो तर — ह्या कळपात पांढरा चांद, त्या कळपात पांढरा चांद! जिकडं तिकडं धट्टीकट्टी काळी पोरं, कपाळावर चांद मिरवत उड्या मारतायत! मुठीत होता तेव्हा चांद्या संपत चालला होता. सोडला, तर माळभर झाला!

तात्यांनी त्यातला एक उमदा मेंढा पुढं आणला. हुबेहूब चांद्या!

"धुळाबा, तुझा मान. ह्यो तू घेऊन जा."

धुळाबानं त्याचं तोंड ओंजळीत धरलं. कपाळाला कपाळ लावलं. मंडळी, हात सुटत नव्हते हो त्याचे! आणि मग तो ताठ उभा राहिला.

"न्हाई तात्या. माझ्या मेंढ्यांचा ह्यो भाऊ लागतोय. देवक एक हाय. फुडच्या वाडीला द्या."

आता माझ्याकडं नको, स्वतःकडं बघा! तुमच्या वाघरीत काय बांधलंय? विहिरीचं पाणी? आजोबांनी जपलेलं बियाणं? हातातली कला? कुणाला दाखवत नाही, कुणाला देत नाही, आणि आतल्या आत ते वाकड्या पायाचं होत चाललंय! त्या खड्ड्यात माती तुम्हीच ओढणार आहात.

पाटील, उपरण्याची गाठ सुटली की नाही अजून? सोडा! अन् म्हणा सगळे —

बिरोबाच्या नावानं चांगभलं!